गाडीला कोणी उठवलं?

डॉक्टर हेमांगी गवसने पाणंदीच्या तोंडाशी येऊन शीळ घातली, आणि गाडी ढिम्म उभी राहिली.

एरवी असं होत नसे. हेमांगीची ती लांबलचक शीळ ऐकली, की फिरत्या पशुदवाखान्याचे दिवे लागायचे, दाराचं कुलूप सुटायचं आणि आतून बाईच्या आवाजात स्वागत व्हायचं, “नमस्कार डॉक्टर, आज कुठे?” आज गाडी दगडासारखी गप्प होती. हेमांगीने जुन्या पद्धतीने किल्ली घालून मागचं दार उघडलं आणि शीतपेटीवर हात ठेवला. पेटी कोमट लागली.

म्हणजे लाळ-खुरकुताची सगळी लस वाया. तिकडे आंबेखोलवाले पहाटेपासून म्हशी बांधून वाट बघत होते. हेमांगीने फोन करून त्यांची माफी मागितली. पलीकडचा माणूस सभ्य होता. एवढंच म्हणाला, “डॉक्टर, गेल्या आठवड्यातसुद्धा हेच झालं ना?”

झालं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. दोडामार्गाकडच्या या डोंगरातल्या वाड्यांसाठी ती गाडी किती भांडून मिळवली होती, ते तिचं तिला ठाऊक.

ऊन वर आलं, छपरावरच्या सौरपट्ट्या तापल्या आणि गाडी जणू काही झालंच नाही अशा थाटात जागी झाली. तोवर सेवेरिना लोबो आपल्या स्कूटरवरून येऊन ठेपली होती. विजेवरच्या गाड्यांची दुरुस्ती करणारी ही बाई आधी हसायची आणि मग बोलायची.

“बॅटरी कोण तरी पिता, डॉक्टर,” ती म्हणाली. “कोण पिता ता शोधूया.”

बॅटऱ्या गाडीत दोन होत्या. चाकं फिरवणारी मोठी, तळाशी बसवलेली. आणि एक लहान, पुढच्या झाकणाखाली. दिवे, संगणक, कुलपं, शीतपेटी हे सगळं गाडी उभी असताना त्या लहान बॅटरीवर चालायचं. मोठी म्हणजे धान्याने भरलेलं कोठार, तर लहान म्हणजे त्याची चावी. चावीच हरवली तर कोठार भरलेलं असून घरातली माणसं उपाशी. चालवायला कोणी बसल्याशिवाय मोठी बॅटरी जोडलीच जायची नाही, तशी सुरक्षेची सोयच होती.

सेवेरिनाने लहान बॅटरीच्या तारेभोवती मोजयंत्राचा चिमटा अडकवला, गाडी बंद केली आणि शांत बसून राहिली.

“लगेच मोजूक नाय,” तिने सांगितलं. “गाडी बंद केली म्हणजे ती झोपली असा नसता. आतले संगणक एकमेकांशी गजाली मारत बसतत. एक जरी जागो रवलो, तर तो बाकीच्यांका झोपूक देत नाय.”

हळूहळू आकडा उतरत गेला आणि अगदी तळाशी जाऊन स्थिरावला. मग तिने एकही फ्यूज न उपसता प्रत्येकाच्या दोन टोकांना सुया टेकवून पाहिल्या. फ्यूज उपसला, तर झोपलेले संगणक दचकून उठतात आणि चोर सटकतो. कुठेच काही सापडलं नाही. शीतपेटी आपल्या वाट्याची वीज घेत होती, बाकी सगळं गाढ झोपलेलं.

“गाडी ठणठणीत आसा,” सेवेरिना म्हणाली. “मगे हिका कोण तरी उठवता. विचारा तिकाच.”

हेमांगीने विचारलं, “आज पहाटे तुला कोणी उठवलं?”

“आबांनी,” गाडी म्हणाली. “पुन्हा पुन्हा.”

आबा म्हणजे हेमांगीचे सासरे, भिकाजी गवस. एसटीत ड्रायव्हर होते. नजर अधू झाली तसं स्टिअरिंग सुटलं. नवरा, सर्वेश, बोटीवर. वर्षातले कितीतरी महिने घरात ही दोघंच असत, आणि एकमेकांशी त्यांचं छान जमत असे. ती साताऱ्याकडची, त्यामुळे आबांची मालवणी तिला पहिल्यांदा निम्मीच कळायची. आता उलट झालं होतं, आबांना राग आला की ते शुद्ध बोलायचे आणि हेमांगीला धडकी भरायची.

गाडी आली तेव्हा आबांचीही शीळ तिच्यात नोंदवायची ही हेमांगीचीच कल्पना. ती गोठ्यात हातभर रक्तात असली, की आबा गाडीतून औषध काढून आणून देऊ शकतील. आबांची शीळ म्हणजे दोन तोकडे, टोकदार सूर. कंडक्टरची डबल बेल. रोज सकाळी ती निघाली, की ते पाणंदीपर्यंत सोडायला येत आणि स्वतःच डबल बेल देत, “सुटली गाडी!”

ही शीळ ओळखणारा जो भाग गाडीत होता, त्याला लोक ‘जागता कान’ म्हणत. त्याच्या जिवावर सगळ्या नव्या गाड्यांमधून किल्ली हद्दपार होत चालली होती. सगळी गाडी झोपली तरी हा कान जागा राहायचा, आणि त्याला लागायची वीज काजव्याच्या उजेडाहून फार नव्हती. शीळ सारखीच वाटली तरी माणसागणिक वेगळी असते. ओठांचा घेर, दातांमधल्या फटी, छातीतला जोर, हे सगळं तिच्यात उतरतं. कान ते ओळखायचा. त्याची आणखी एक खुबी होती. माणसाला सर्दी होते, दात पडतो, वय वाढतं, तशी शीळही बदलते. म्हणून कान दर वेळी थोडं थोडं नव्याने शिकायचा, आणि आपल्या माणसाला बदलत्या शिळेसकट सांभाळून घ्यायचा.

असा कान चुकणार कसा? “कान चुकूचो नाय,” सेवेरिना म्हणाली. हेमांगी विचार करत घरी आली.

आबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते.

“आबा, पहाटे गाडीकडे गेला होतात का?”

“नाय गो. कित्याक?”

“गाडी म्हणते, तुम्ही उठवलंत. बऱ्याचदा.”

“मी गाडयेक हात लावूक नाय. मी उठलंय, चूल पेटवलंय, चाय घेतलंय.”

ते इतक्या सहज बोलले, की ते खोटं बोलत नाहीत हे हेमांगीला स्वच्छ दिसलं. माणूस खोटं बोलत नाही, यंत्र चुकत नाही, मग उरतं काय? म्हातारा माणूस अंधारात उठतो, गाडीपाशी जातो, शीळ घालतो, विसरतो, पुन्हा घालतो. आणि उजाडल्यावर त्याला त्यातलं काहीच आठवत नाही.

ती खाली बसली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, आजारी जनावराशी बोलावं तसं हळू म्हणाली, “आबा, हल्ली काही विसरायला होतं का? आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ. नुसतं दाखवायचं.”

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

“तू माका चोर म्हटलं असतंस, तर भांडाण तरी झाला असता,” ते म्हणाले. “तू माका खुळो ठरवलंस.” आणि मग शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा करत, “माझी शीळ काढून टाक त्या गाडीतून. आत्ता.”

तिने काढली. काढताना तिला रडू आलं. पण लशीची गाडी होती, दुसरा इलाज नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी भरलेली निघाली. तिसऱ्या दिवशीही. गाडी गुणी मुलीसारखी उठायची, शीतपेटी थंडगार. आंबेखोलच्या सगळ्या म्हशींना लस टोचून झाली. याहून पक्का पुरावा तो काय? सर्वेशने बोटीवरून फोन करून सांगितलं, की बाबांना थोडे दिवस रेवतीकडे राहू दे. रेवती म्हणजे त्याची बहीण, कुडाळला राहायची, तिथे मोठं इस्पितळ जवळ. आबांनी काही वाद घातला नाही. पिशवी भरली आणि एसटीत बसले. हेमांगी स्टँडवर गेली होती, पण त्यांनी खिडकीतून तिच्याकडे न बघता ड्रायव्हरच्या पाठीकडे बघितलं.

घर सुनं पडलं. चुलीवरच्या चहाचा धुराचा वास गेला. हेमांगी गॅसवर चहा करायची आणि तो अर्धा टाकून द्यायची.

पुढच्या सोमवारी तिने पाणंदीच्या तोंडाशी शीळ घातली आणि गाडी ढिम्म उभी राहिली.

ती तिथेच, ओल्या गवतात बसली. ऊन वर येईपर्यंत हलली नाही. सौरपट्ट्या तापल्या, गाडी जागी झाली, तशी ती ओरडलीच, “कोणी उठवलं तुला?”

“तुम्ही, डॉक्टर,” गाडी म्हणाली. “पुन्हा पुन्हा.”

“मी? पहाटे मी घरात होते. दात घासत होते!”

“तुम्हीच होतात,” गाडी नम्रपणे म्हणाली.

क्षणभर हेमांगीला खरंच भीती वाटली. आपण गेलो होतो का? झोपेत? तिने पायांकडे पाहिलं, चपलांना चिखल आहे का ते तपासलं. आणि मग तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. आबांना काय वाटलं असेल ते आता तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी निदान चपला तपासल्या नव्हत्या. त्यांचा स्वतःवर तेवढा विश्वास होता.

सेवेरिनाला फोन लावला, तर ती आनंदाने किंचाळली. “म्हणजे मी चुकलंय! कान फसता! डॉक्टर, उद्या मी फटफटताच येतंय. चोर जेव्हा येता, तेव्हाच मोजूक होया.”

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना दोघी गाडीपासून जराशा दूर, गवताच्या उडवीआड बसल्या. सेवेरिनाने मोजयंत्राच्या लांब तारा आधीच ओढून आणल्या होत्या. पडद्यावरचा आकडा तळाशी होता. गाडी झोपली होती. पाणंदीच्या कडेचं बांबूचं बेट काळंशार दिसत होतं आणि त्यात पाखरांचा कालवा सुरू झाला होता. गाडी घरापासून एवढी लांब, की या कालव्यातलं काहीही घरात ऐकू जात नसे.

“माणूस कोण दिसत नाय,” सेवेरिना कुजबुजली.

तेवढ्यात हेमांगीने स्वतःला शीळ घालताना ऐकलं.

तीच ती. लांबलचक, शेवटी किंचित वर जाणारी. हेमांगीचे दोन्ही हात आपोआप तोंडाशी गेले. ओठ मिटलेले होते.

मोजयंत्रावरचा आकडा उसळला. गाडीचे दिवे लागले, आतला पंखा घरघरला, पडदे उजळले. “नमस्कार डॉक्टर, आज कुठे?” गाडीने अंधाराला विचारलं.

आणि उजेडाच्या झोतात किडे जमायला लागले. पतंग, चतुर, पंखवाल्या मुंग्या. बांबूतून एक काळी आकृती सुटली, झोत आडवा कापून पुन्हा फांदीवर गेली. डोक्यावर तुरा, आणि शेपटीमागे दोन लांब तारा, त्यांच्या टोकांना पिसांचे दोन काळे झेंडे हवेत लहरत होते.

“भृंगराज!” हेमांगी म्हणाली.

पाखराने पतंग खाल्ला, चोच पुसली. कोणी चालवायला आलं नाही म्हणून थोड्या वेळाने गाडीने दिवे मालवले. लगेच पाखराने पुन्हा हेमांगीची शीळ घातली. दिवे लागले. न्याहारी पुढे चालू.

सेवेरिना उडवीवर आडवी पडून, तोंडात पदर कोंबून हसत होती. तिचं पोट हलत होतं, पण डोळे आकड्यावर होते. हेमांगी मात्र भराभर जुळवत होती. ती जनावरांची डॉक्टर, पाखरं तिचा विषय नव्हता, पण भृंगराजाची ख्याती तिने शिकताना ऐकली होती. हा पक्षी रानातल्या निम्म्या पाखरांचे आवाज काढतो. दुसऱ्या पाखरांना त्यांच्याच बोलीत बोलावतो, त्यांचा थवा जमवतो, आणि थव्याने उठवलेले किडे मटकावतो. कधी खोटी भीतीची हाक देऊन त्यांच्या तोंडचा घास पळवतो. आणि एक हाक चालेनाशी झाली, की दुसरी काढून बघतो.

याने रोज सकाळी आबांची डबल बेल ऐकली होती. सहज म्हणून कधीतरी नक्कल केली असेल. पहिल्यांदा ती कच्ची असणार. पण जागता कान आपल्या माणसाला सांभाळून घेणारा. आबांच्या दातांचं काही झालं असेल, असं समजून त्याने थोडं जुळवून घेतलं असेल. पाखरू थोडं गाडीकडे सरकलं, गाडी थोडी पाखराकडे सरकली, आणि एका पहाटे दोघांची गाठ पडली. हा एक मोठा, पांढरा, चार चाकांचा पक्षी, शीळ घातली की उजेड देतो आणि उजेडात किडे देतो! मग आबांची शीळ एकाएकी चालेनाशी झाली. पाखराने चार-सहा दिवस इतर हाका घालून बघितल्या आणि शेवटी हेमांगीची शीळ काढली.

“जनावरांना माणसाळवतो आपण,” ती म्हणाली. “इथे पाखराने गाडी माणसाळवली. म्हणजे पाखराळवली.”

“माझ्या धंद्याचा काय होताला आता!” सेवेरिना म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

उजाडल्यावर त्यांनी गाडी कुडाळकडे घेतली. वाटेत हेमांगीने काय बोलायचं ते मनात कितीदा तरी जुळवलं. प्रत्यक्षात रेवतीच्या अंगणात आबा दिसले आणि तिला एकच वाक्य सुचलं.

“आबा, मी गाडीवर विश्वास ठेवला आणि तुमच्यावर नाही. माझं चुकलं.”

आबांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तिने भृंगराजाची सगळी हकीकत सांगितली. ते खाली मान घालून ऐकत होते. पाखरू डबल बेल देत होतं हे ऐकताच त्यांची मान वर आली.

“म्हंजे, ह्यो पक्षी माझी शिटी मारता?”

“हुबेहूब मारायचा. गाडीसुद्धा फसली.”

“आणि गाडयेचे दिवे लागतत?”

“लागतात. आणि तो किडे खातो.”

आबांचे खांदे हलायला लागले. आधी रेवतीला वाटलं ते रडताहेत. ते हसत होते. कठडा धरून, खोकत, डोळे पुसत हसत होते. “आयुष्यभर मी डबल बेलची वाट बघून गाडी सोडलंय,” ते म्हणाले, “आणि तो भाड्या बांबूत बसून माझी गाडी सोडता!”

हसू ओसरल्यावर मात्र ते शुद्ध मराठीवर आले. “हेमांगी, पुढच्या वेळी मला आधी विचार. आणि मी जे सांगेन, ते आधी खरं धर. मग यंत्राला विचार.”

“हो, आबा.”

“आणि ते डॉक्टरला दाखवायचं?”

“आधी मलाच दाखवू. काल मी स्वतःच्याच चपलांचा चिखल तपासत होते.”

आबा पिशवी आणायला आत गेले.

दुरुस्ती अगदी सोपी निघाली. सेवेरिनाने गाडीला एवढंच शिकवलं, की शीळ ऐकू आली तर आधी उष्णता टिपणाऱ्या डोळ्याने बघायचं, समोर माणसाएवढं ऊबदार कोणी उभं आहे का. नसेल तर झोपून राहायचं. गाड्या बनवणाऱ्यांना तिने हे कळवलं, तर तिथल्या एका तरुण इंजिनिअरने आधी चेष्टा समजून फोन ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा करून तासभर प्रश्न विचारले. जंगलालगतच्या आणखीही काही गावांतून गाड्या आपोआप जाग्या होत असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे पडून होत्या. तिथेही घरोघर कुणा म्हाताऱ्याला, कुणा पोराला बोलणी बसली असणार. पुढच्या सगळ्या गाड्यांमध्ये तो बदल आला. त्या इंजिनिअरने बांबूवर जाळी टाकण्याचंही सुचवलं होतं. ते हेमांगीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच पहाटे आबा पाणंदीवरून परतले ते खट्टू होऊन.

“पक्षी शिट्यो मारून मारून दमलो,” ते म्हणाले. “तुझी मारल्यान, माझी मारल्यान. गाडी ढिम्म. तेचा त्वांड इतक्यासा झाला गो.”

हेमांगीने सेवेरिनाकडे शब्द टाकला. सेवेरिनाच्या दुकानात एका मोडीत निघालेल्या गाडीचा जागता कान होता. तिने तो एका लहानशा सौरदिव्याला जोडला आणि बांबूच्या बेटात, एका जाड बांबूला बांधून टाकला. त्याच्यात शीळ नोंदवायला आबा स्वतः उभे राहिले, टोपी नीट करून. कान पाखराला अनोळखी, पाखरू कानाला, पण दोघांचीही शिकायची तयारी होती. आठवडा गेला नाही, तोच डबल बेल दिली की बांबूत दिवा लागू लागला. बॅटरी त्याची त्याला पुरत होती.

गाडीत आबांची ओळख पुन्हा नोंदवायची वेळ आली तेव्हा हेमांगी म्हणाली, “घाला शीळ.”

“शिटी आता भायर गेली, सगळ्या रानाची झाली,” आबा म्हणाले. ते गाडीसमोर ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी भिकाजी गवस. दार उघड.”

दार उघडलं.

वैशाखात भृंगराजाची पिल्लं घरट्याबाहेर पडली. तीन होती, अजून शेपटीच्या तारा न फुटलेली. एका सकाळी आबांचा चहा घरात निवत राहिला, म्हणून हेमांगी पेला घेऊन पाणंदीवर गेली. आबा बांबूच्या बेटाखाली दगडावर बसून होते. वर दिवा लागला होता, मोठं पाखरू झोत कापत होतं आणि पिल्लं फांदीवर ओळीने बसून काहीबाही चिरकत होती.

“आबा, चहा...”

“गप रव,” आबांनी हाताने दटावलं. “शिकवणी चालू आसा.”

त्यांनी ओठ जुळवले आणि डबल बेल दिली, सावकाश, दोन सूर सुटे करून. वरून एका पिल्लाने उत्तर दिलं, दुसऱ्याने दिलं. तिसऱ्याने पहिला सूर लावला आणि दुसऱ्यावर त्याची शीळ फाटली.

आबांनी पेला हातात घेतला, फुंकर घातली आणि डोळे बारीक करून वर बघितलं.

“ह्यो तिसरो अजून कच्चो आसा,” ते म्हणाले. “पण कंडक्टर होतलो.”